सीटखालची थरथर

हरेश पाटलाने जुईनगर गावठाणातलं घर स्वतः उभं राहून बांधून घेतलं. तीन मजले चढवले, खालचा गाळा शिंप्याला भाड्याने दिला, आणि जिना जागेअभावी अरुंद ठेवला. पुढे मंडपाचे पाइप उतरवताना तो पिकअपवरून पडला, कमरेखालचं शरीर लुळं पडलं, आणि तो त्याच जिन्याच्या वर अडकला. दवाखान्यात न्यायचं तर चार माणसं लागत. म्हणून तो जाणंच टाळायचा.

पिकअप आता त्याची बायको नमिता चालवायची. गेला आठवडाभर ती वैतागून रोज दुपारी रस्त्यातून त्याला फोन करायची. चाळीसच्या पुढे गेलं की गाडी थरथरायची. एका गॅरेजवाल्याने चाकं बॅलन्स केली, दुसऱ्याने इंजिनखालची रबरं बदलली. फरक शून्य.

"उद्या कानात फोन लाव," हरेश म्हणाला. "मी सांगतो तसं कर."

दुसऱ्या दिवशी उलव्याच्या मोकळ्या रस्त्यावर तिने वेग वाढवला.

"आली थरथर."

"स्टिअरिंगला हाय का सीटखाली?"

"सीटखाली."

"मग पुढची चाकं नाय. आता क्लच दाब, न्यूट्रल कर, रेस सोड."

इंजिनचा आवाज बसला. "तरी थरथरते हो. वेग कमी झाला की कमी होते."

"म्हंजे इंजिन नाय. शाफ्ट हाय." तो उशीवरून वर सरकला. "मागं सांध्यातला क्रॉस बदलला तवा शाफ्ट खोलला व्हता ना? तिथंच गडबड झाली आसंल. हारुन मेकॅनिककडं ने."

हारुनने गाडीखाली शिरून व्हिडिओ कॉल लावला. गियरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा तो लांब दांडा, त्यावरचं ग्रीस, चिखल. हरेश डोळे फाडून बघत राहिला. दांड्याचे दोन तुकडे जोडताना कुणीतरी एक खाच चुकवली होती. दोन्ही टोकं एका रेषेत नव्हती.

"हरेशभाई, बरोबर पकडलंत," हारुन म्हणाला, आणि शाफ्ट खोलून नीट बसवला.

परतताना नमिताचा फोन आला. "साठला पन गप हाय गाडी!" ती हसत होती. मग पुढचे दोन दिवस तिने दुपारी फोनच केला नाही. करायचं कारण उरलं नव्हतं. हरेश छताकडे बघत पडून राहिला. थरथरत्या गाडीत तो रोज तिच्या शेजारी बसून फिरत होता, हे त्याला आता कळलं.

तिसऱ्या रात्री जेवताना तो म्हणाला, "खालचा गाळा मला पायजे. मी तिथं ऱ्हानार."

"एवढ्या वर्षांचा भाडेकरू," त्याची आई सुमित्राबाई पुटपुटली. नमिताने सासूकडे पाहिलं नाही. ती उठून तशीच खाली शिंप्याशी बोलायला गेली.

सकाळी शिंपी स्वतः वर आला, दारातच उभा राहिला. "लग्नाचे कपडे शिवायला घेतलेत, दादा. सीझन संपेपर्यंत थांबाल?"

नाही म्हणायला हरेशची जीभ रेटेना. "थांबतो," तो म्हणाला.

शिंपी जिना उतरू लागला. वळणावर त्याचा खांदा भिंतीला घासला, मग चपलांचा आवाज खाली रस्त्यात मिसळून गेला.