मोरासाठी पाच कपॅसिटर

मानवजातीच्या वाटचालीत काही निर्णय एकट्या माणसालाच घ्यावे लागतात. एका शुक्रवारी सकाळी कसबा बावड्यात असाच एक निर्णय माझ्यावर येऊन पडला: वहिनींच्या कॉम्प्युटरला कोणते कपॅसिटर बसवायचे?

हा जुनाट कॉम्प्युटर वहिनींची भरतकामाची मशीन चालवतो. मशीन दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. रविवारी कोडोलीत लग्न, नवरीच्या ब्लाऊजच्या पाठीवर मोर हवा. मोराची मान भरून झाली आणि कॉम्प्युटर बंद पडला. नुसत्या मानेवर नवरी बोहल्यावर उभी राहणार नव्हती.

मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. मदरबोर्डवरची पाच छोटी नळकांडी, म्हणजे कपॅसिटर, मानपान न मिळालेल्या व्याह्यांसारखी फुगून बसली होती.

"एवढंच ना!" मी जाहीर केलं. "नवी आणतो, सोल्डरचा डाग देतो, झालं."

आमचं घराणं फ्यूज उडाला की दुप्पट जाडीची तार घालणारं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दुकानदारानं विचारलं, "पावणं, कशाला पायजे?" 'कॉम्प्युटरला' म्हणण्यात कसला रुबाब? मी म्हणालो, "मोठ्यातलं मोठं दाखवा." त्यानं मिरवणुकीच्या स्पीकरला लागणारे काढले. अंगठ्याएवढे! जुन्यांवर सहा व्होल्ट, यांवर पन्नास. मला बोर्डाचं कल्याणच दिसलं.

घरी ते जागेत बसेनात. मी त्यांच्या तारा लांब सोडून त्यांना आडवं झोपवलं आणि बटण दाबलं. सुरू! हार कुठाय, अशा नजरेनं मी वहिनींकडं पाहिलं. पिसाऱ्याची दोन पिसं भरून झाली आणि पडदा पुन्हा काळा.

दुपारी परत दुकानात. या खेपेला एक फुगलेला जुना खिशात होता.

"ह्यो आधीच का न्हाय दावला?" दुकानदार म्हणाला. "तुमी न्हेलासा ती सावकाश चालनारी. बोर्डाला झटक्यात भरनारी, झटक्यात सोडनारी, गरमी सोसनारी लागत्यात. मायक्रोफॅरड, म्हंजे साठवायची ताकद, जुन्याइतकंच, व्होल्ट तेवढं न्हायतर जरा वर, आनि जागंत बसंल असं. निस्तं मोठं म्हंजे चांगलं व्हय?"

कोल्हापुरात हा प्रश्न विचारायला छाती लागते.

त्यानं दिलेली बारकी पाच बघून मी खट्टू झालो. असल्यांसाठी दोनदा गाडी काढली! पण ती जागेत सरळ उभी राहिली. उलटी बसू नयेत म्हणून त्यांच्या अंगावरची पट्टी वहिनींनी स्वतः दोनदा तपासली. त्यांचा माझ्यावरचा विश्वास तोवर मोराच्या दुसऱ्या पिसाशीच अडला होता.

संध्याकाळी पिसारा शेवटच्या डोळ्यापर्यंत भरून झाला. गरज पडली तर, म्हणून मी सोल्डरिंग गन गरमच ठेवली होती. तीच उंचावून मी भाषणाला सुरुवात केली, "वहिनी, सगळा खेळ योग्य निवडीचा असतो..." आणि गनसकट हात ब्लाऊजकडं वळवला.

वहिनी किंचाळल्या, "भावजी, आता मोर भाजून वाढतासा का काय?"