ऐंशी आकडे आणि बहिणीचं बोट

केनोत, म्हणजे कॅसिनोतल्या आकड्यांच्या खेळात, स्ट्रॅटेजी चालते का, हा प्रश्न मला आयुष्यात एकाच माणसाने मनापासून विचारला, आणि त्याच माणसाच्या डोक्यात मी पुढे पाण्याची स्टीलची बाटली घातली. बाटली भरलेली होती. त्याचं मला अजून वाईट वाटलेलं नाही, आणि वाटायला हवं असं सांगणाऱ्यांना मी घरी बोलावणं बंद केलं आहे.

हा माणूस म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, आमच्या घरचे जावईबापू. अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा. मीही तिथेच राहते, विमा कंपनीत नोकरी करते. कुणाचं घर जळेल, कुणाची गाडी ठोकली जाईल, याची शक्यता काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडे यायचेच.

पण सुरुवात झाली ती पायगुणापासून. आमचं घर नागपूरचं, बौद्ध. आमच्याकडे पत्रिका बघत नाहीत, मुहूर्त काढत नाहीत. बहिणीचं लग्न विहारात लागलं, तेही रविवारी, कारण सगळ्यांना सुट्टी. मांजर आडवं गेलं की बाबा मुद्दाम त्याच रस्त्याने जायचे. अशा घरात पायगुण कुठल्या फटीतून शिरला कोण जाणे. लग्न झालं आणि लगेच जावयाचं नाव अमेरिकेच्या व्हिसाच्या लॉटरीत निघालं. आधीच्या वर्षी निघालं नव्हतं. त्याच्या आईने फोन करून सांगितलं, सून पायगुणाची निघाली. आमच्या आईने ते कॉलनीभर केलं. "पोरीचा पायगुणच तसा आहे," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि आम्ही कुणी तिला टोकलं नाही. ऐकायला गोड वाटत होतं. कॉम्प्युटरने काढलेल्या नावाचं श्रेय आमच्या मुलीला मिळत असेल तर नको कोण म्हणेल?

इथे आल्यावर एका शनिवारी ती दोघं कॅसिनोत गेली, बुफे चांगला असतो म्हणून. जेवण झाल्यावर हा केनोच्या मशीनवर बसला. खेळ अगदी बाळबोध आहे. स्क्रीनवर एक ते ऐंशी आकडे मांडलेले असतात, त्यातले काही आपण बोटाने दाबून निवडायचे. मग मशीन आपल्या मनाने वीस आकडे काढतं. आपले जितके त्यात निघतील तसे पैसे. हा हरत होता. कंटाळून बायकोला म्हणाला, तू दाब. तिने हसत हसत दाबले आणि जवळजवळ सगळे निघाले. मशीन वाजायला लागलं, दिवे नाचायला लागले. तिथल्या तिथे पायगुणाचा हातगुण झाला.

मग दर शनिवारी तिची वरात त्या मशीनसमोर. आकडे हा सांगायचा. मागच्या खेळांचे फोटो काढून कुठले आकडे 'गरम' आणि कुठले 'थंड' याचे रंगीत तक्ते करायचा. नोकरीत दिवसभर लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारा हा माणूस, आणि स्वतःच्या डोक्यातली एवढी मोठी चूक त्याला दिसत नव्हती. दाबायचं मात्र तिनेच. लग्न करून आणलेलं नशीब आहे, वापरायला नको?

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. जुलैत एकदा दोघं जेवायला आली तोपर्यंत.

बाहेर उकाड्याने जीव जात होता आणि माझी बहीण पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून आली होती. स्वयंपाकघरात रश्श्याचं पातेलं उचलताना बाही मागे सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत डाग होते, काही निळे, काही पिवळे पडलेले. म्हणजे एका दिवसाचे नव्हते. मी गॅस बंद केला आणि विचारलं. आधी ती म्हणाली, जिना उतरताना पडले. मी तिची बाही आणखी वर सारली. मग तिने पातेलं खाली ठेवलं आणि सांगितलं.

"नंबर नाही आले की गाडीत मारतो, ताई."

तो डाव्या हाताने स्टिअरिंग धरायचा आणि उजव्या हाताने मारायचा. हायवेवर, गाडी चालवता चालवता. सीटबेल्ट लावलेल्या माणसाला कुठे सरकता येत नाही. मारताना म्हणायचा, तू मुद्दाम करतेस. तुझ्या हातात आहे आणि तू देत नाहीस. एकदा तिने दार उघडून उडी मारायचा विचार केला होता. शेजारून ट्रक चालला होता म्हणून राहिली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओट्यावर कुकर होता, अजून वाफ धरलेला. तो उचलून बाहेर बसलेल्या जावईबापूंच्या डोक्यावर उलटा करावा असं मला खरोखर वाटलं, आणि माझा हात कुकरच्या दांडीवर गेलाही होता. बहिणीने तो धरला.

"व्हिसा त्याचा आहे. मी डिपेंडंट आहे. तू काही केलंस तर मला परत जावं लागेल. शेवटचं सेमिस्टर राहिलंय यार, तेवढं होऊ दे."

ती लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होती. रक्ताचे नमुने, काचपट्ट्या, सगळं बोटांचं नाजूक काम. मी कुकर सोडला. रस्सा घेऊन बाहेर गेले आणि जावयाला वाढला. आग्रहाने वाढला.

तेव्हाच त्याने तो प्रश्न विचारला. "ताई, तुम्ही तर प्रॉबॅबिलिटीवाल्या. खरं सांगा, केनोत स्ट्रॅटेजी मॅटर करते का?"

मला वाटलं, सापडला. याला याच्याच भाषेत समजावते. हात महत्त्वाचा नाही हे याला एकदा पटलं की बहिणीचा हात सुटेल. मी म्हटलं, "आकडे निवडण्यात काही नाही, जावईबापू. कुठलेही घ्या, सगळ्यांची शक्यता तेवढीच. मशीनला मागचा खेळ आठवत नाही. कुणी दाबलं, कुठल्या बोटाने दाबलं, हेही त्याला कळत नाही. बघायचंच तर कुठलं मशीन किती देतं त्याचा तक्ता बघा, सावकाश खेळा आणि वेळेत उठा. नाहीतर क्विक पिक करा, मशीनलाच आकडे निवडू द्या. हिला कशाला त्रास?"

तो भाकरी मोडता मोडता थांबला. "पण हिच्या हाताला गुण आहे, हे तुमच्या आईच म्हणतात ना?"

माझी सगळी विद्या तिथे आडवी झाली. शेवटी तोच म्हणाला, ठीक आहे, या शनिवारी क्विक पिक ट्राय करू, तुम्ही पण चला. मी म्हटलं, येते.

कॅसिनोत मी बहिणीच्या मागे उभी राहिले. तो क्विक पिक करत गेला आणि हरत गेला. त्यात नवल काही नव्हतं, बहुतेक लोक बहुतेक वेळा हरतात, त्यावरच ती इमारत उभी आहे. पण प्रत्येक खेळागणिक त्याची मान लाल होत होती. त्याने मशीनवर मूठ हाणली. शेजारच्या मशीनवरची म्हातारी दचकून बघायला लागली. मग त्याने बहिणीचं मनगट पकडलं, डाग होते नेमकं तिथेच, आणि ओढून तिला खुर्चीत बसवलं. मी पुढे झाले तर तिने मान हलवली. नको.

तो आकडे सांगत गेला, ती दाबत गेली. तिचं लक्ष स्क्रीनपेक्षा त्याच्या मुठीकडे होतं. त्याने अठ्ठावीस म्हटलं आणि बोट खालच्या ओळीत अडतीसवर पडलं. तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, आणि मी गप्प राहिले, कारण खरोखरच काही फरक पडत नव्हता.

आणि ती जिंकली. एक सोडून सगळे आकडे निघाले. मशीनने आरडाओरडा केला, लोक जमले, हसतमुख बाई पैसे घेऊन आली. शेजारच्या म्हातारीने टाळ्या वाजवल्या आणि बहिणीचा हात हातात घेऊन आपल्या स्क्रीनला लावला. मला वाटलं, चला, आज तरी सुटलो. मी इतके दिवस त्याच्या हरण्याची शक्यता मोजत होते ना! हरला की मारतो, मग जिंकला की मारणार नाही. माझ्यासारख्या हिशेबी बाईला दुसरं काही सुचलंच नाही.

तो मात्र स्क्रीनकडे बघत होता. न निघालेला तो एक आकडा अडतीस होता. अठ्ठावीस निघालं होतं.

पार्किंगच्या वरच्या मजल्यावर भर दुपारचं ऊन होतं. गाडीपर्यंत तो शांत चालला. मग बहिणीचा उजवा हात त्याने हातात घेतला, अगदी हौसेने घ्यावा तसा, आणि म्हणाला, "एक नंबर नीट दाबता येत नाही तुला? जॅकपॉट होता तो." आणि त्याने तिचं पहिलं बोट धरून मागे दाबलं. वाळलेली शेंग मोडावी तसा आवाज झाला. ती ओरडलीसुद्धा नाही, तोंड नुसतं उघडं राहिलं.

जावयाला मी आजवर अहो-जाहो केलं होतं. त्या क्षणी मी म्हटलं, "सोड तिला, हरामखोरा," आणि हातातली पाण्याची बाटली फिरवली. ती त्याच्या कानशिलावर बसली. तो गाडीच्या दारावर आपटला आणि गुडघ्यांवर आला. मी पुन्हा मारलं. या वेळी भुवई फाटली आणि रक्त त्याच्या डोळ्यात उतरलं. त्याने हात वर करून तोंड झाकलं. त्याला असं हात वर करताना पाहून मला बरं वाटलं. इतक्या शनिवारी गाडीत माझी बहीण हेच करत आली असणार. मी बाटली परत उचलली तेव्हा बहिणीने डाव्या हाताने माझा दंड धरला.

"ताई, पुरे. मरेल तो."

"मरू दे."

"माझ्यासाठी पुरे."

मग मी बाटली टाकली.

सिक्युरिटी आली, पाठोपाठ पोलीस आले. आधी बेड्या मलाच पडल्या, कारण रक्त त्याचं होतं. बहिणीने ते मोडलेलं बोट पोलिसासमोर धरलं आणि इंग्लिशमध्ये तुटक तुटक सगळं सांगितलं, गाडीतल्या मारासकट. मग पार्किंगच्या कॅमेऱ्याने त्यांना उरलेलं सांगितलं. माझ्या बेड्या निघाल्या, त्याच्या हातात पडल्या. पोलिसांच्या गाडीत कोंबताना तो ओरडत होता, "व्हिसा माझा आहे! तुला परत पाठवीन!" बहीण त्याच्याकडे बघत उभी राहिली. ती तेव्हा घाबरली होती का, हे मी तिला कधी विचारलं नाही. व्हिसाचं पुढे वकिलाने पाहिलं, ते रडगाणं वेगळं आहे. ती आता माझ्याकडेच राहते.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत बरीच वाट पाहिल्यावर एक नर्स आली. स्वभावाने गोड होती. तिने बोट पाहिलं, चुकचुकली, कॉम्प्युटर जवळ ओढला आणि विचारलं, "एक ते दहामध्ये, किती दुखतंय? एक नंबर सांग."

भिंतीवर तक्ता होता, हसऱ्या तोंडापासून रडक्या तोंडापर्यंत, प्रत्येकाखाली आकडा. नर्सने तो दाखवला. बहिणीने मान फिरवली.

"रिलॅक्स, डिअर. यात चूक असं काही नसतं. कुठलाही नंबर सांग."

बहिणीने चांगला हात पांघरुणाखाली लपवला. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "ताई, हिला सांग, खूप दुखतंय. पण नंबर मी सांगणार नाही."