‘घेऊ की’ कुठल्या रकान्यात?

आमच्या कॉलेजात उद्योजकता हा विषय आला तेव्हा तो माझ्या गळ्यात पडला, कारण वेळापत्रकात माझेच तास मोकळे होते. मी यंत्रशास्त्र शिकवणारा माणूस. वडील कचेरीत कारकून, आजोबा शाळामास्तर. तीन पिढ्यांत आमच्या घरात कुणी साधी पेन्सिल विकलेली नव्हती. प्राचार्यांना मी तसं सांगूनही पाहिलं. ते म्हणाले, पुस्तक आहे, त्यातून शिकवा. पुस्तक परदेशी होतं आणि त्यातले कारखानदार दर दुसऱ्या पानावर विमानानं कुठंतरी निघालेले असत.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. कोल्हापुरात ओतकामाचे कारखाने जोरात चालत होते. त्यांचे कित्येक मालक चौथी-सातवी शिकलेले, लेथवर हाताखाली लागून पुढं स्वतःचं शेड टाकलेले. त्यांनी हाडाची काडं करून जे उभं केलं, ते मी खडू घेऊन फळ्यावर समजावत होतो. याची लाज मला तेव्हा वाटली नाही, ती आता लिहिताना वाटते. उलट मला नशा चढली होती. नोकरी म्हणजे गुलामी, असं मी टेबलावर हात आपटून सांगायचो. माझी स्वतःची नोकरी त्याच वर्षी कायम झाली होती, ते मात्र सांगायचो नाही.

शेवटच्या वर्षाला गारगोटीकडचा एक विद्यार्थी होता, प्राथमिक शिक्षकाचा थोरला मुलगा. बोलायला कमी, हाताला हुशार. त्यानं एक यंत्र बनवलं होतं. ओतकामाचा साचा वाळूचा असतो. वाळूत पाणी जास्त झालं की ओतलेल्या लोखंडात पोकळ्या राहतात आणि माल भंगारात जातो. ओलावा बरोबर आहे की नाही, हे मिस्त्री मुठीत वाळू दाबून, तो गोळा मोडून ठरवतात. याच्या यंत्राला दोन सुया होत्या. त्या वाळूत खुपसल्या की तबकडीवरचा काटा ओलावा दाखवायचा. मी स्वतः दहादा तपासलं. यंत्रात खोट नव्हती.

पुस्तकात पुढचा धडा बाजारपाहणीचा होता. मी प्रश्नपत्रक तयार केलं: असं यंत्र मिळाल्यास आपण विकत घ्याल काय? पुस्तकातल्या नमुन्यात उत्तराला तीन रकाने होते, होय, नाही आणि सांगता येत नाही. तिसरा मी काढून टाकला. उद्योजकाला धड उत्तर लागतं, असं काहीतरी वर्गात बोललोही. मुलांनी ते वहीत लिहून घेतलं.

पंधरा दिवस तो उन्हातान्हात कारखाने हिंडला आणि कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्या खोलीत आला. रकाने कोरे होते. प्रत्येक कागदाच्या खाली मात्र त्यानं मालकाचे शब्द जसेच्या तसे लिहिले होते, आणि बहुतेक कागदांवर एकच वाक्य होतं.

“सर,” तो म्हणाला, “‘घेऊ की’ कुठल्या रकान्यात टाकू?”

मी याच गावात जन्मलो. दारावर सतरंज्या विकणारा आला की आई म्हणायची, “घेऊ की पुढच्या खेपेला.” आमच्या घरात सतरंजी कधी आली नाही. आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं आमच्याकडं जड जातं. घेऊ की, येऊ की, बघू की, असं म्हणायचं, चहा पाजायचा आणि त्याला मानानं वाटेला लावायचं. ज्याला खरंच घ्यायचं असतं तो की-बी म्हणत नाही. तो वस्तूला नावं ठेवतो आणि भावासाठी भांडतो. हे सगळं मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं रकाने कोरे ठेवून मला विचारलं.

मी म्हणालो, “होय मध्ये टाक. नाही तर कुणी म्हटलेलं नाही ना?”

त्यानं गठ्ठ्यातले कागद पुन्हा चाळले. मग म्हणाला, “पण सर, एकानंबी दर इचारला न्हाय.”

दर पुढचा प्रश्न आहे, असं सांगून मी त्याला गप्प केलं. मला तक्ता हवा होता. दुसऱ्या दिवशी तो मी रंगीत खडूंनी काढून वर्गाला दाखवला. होयचा खांब फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत गेला होता.

निकाल लागला आणि त्याला वीज खात्यात नोकरीचा हुकूम आला. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. त्याचे वडील मला भेटायला कॉलेजात आले. स्वच्छ टोपी, काखेत छत्री, खुर्चीच्या कडेवर बसलेले. ते म्हणाले, पोरगं हजर व्हायला तयार नाही, यंत्राचा कारखाना काढतो म्हणतंय. त्यांच्या शाळेतल्या मास्तरांत कुणाच्याच मुलाला अशी नोकरी लागली नव्हती.

“सर, आमचं त्येला पटत न्हाय, तुमचं पटतंय,” ते म्हणाले. “तुमी जा म्हणा, जाईल. ऱ्हा म्हणा, ऱ्हाईल.”

एवढा साधा प्रश्न आयुष्यात पुन्हा मला कुणी विचारला नाही. मी त्या मास्तरांना तक्त्याची कागदावरची प्रत दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती बराच वेळ वाचली, घडी करून खिशात ठेवू का म्हणून विचारलं आणि गेले. हुकुमाची मुदत त्या महिन्यातच संपली.

मुलानं एका शेडचा कोपरा घेतला आणि दहा यंत्रं केली. मग पिशवी घेऊन तो पुन्हा त्याच दारांत गेला. सगळीकडं चहा मिळाला. सगळीकडं बघू की झालं. एका मालकानं मात्र सकाळी तयार केलेल्या वाळूत यंत्र लावून बघितलं. काटा ओलं म्हणाला, मिस्त्री ठीक म्हणाला. माल ओतला तर त्यात पोकळ्या निघाल्या. मुलाला वाटलं, आता झालं काम. मालकानं त्याला बाहेर नेऊन सांगितलं, “पावणं, यंत्र बरूबर हाय तुमचं. पण उद्या मिस्त्री रुसून गेला, तर साचं तुमचं यंत्र भरणार व्हय?”

हे त्यानंच मला येऊन सांगितलं. मी म्हणालो, चिकाटी सोडू नकोस. तो त्यानंतर दोनदा आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा खुर्ची पुढं केली तरी बसला नाही. मग यायचा बंद झाला. पुढं कधीतरी एसटी स्टँडवर त्याचे वडील दिसले, आणि मी पेपरच्या स्टॉलआड झालो. त्यांनी मला पाहिलंच होतं. ते जवळ आले, माझ्या तब्येतीची चौकशी केली, पाऊसपाण्याचं बोलले आणि गारगोटीची गाडी लागल्यावर नमस्कार करून गेले. मुलाचा विषय त्यांनी काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवू शकलो असतो.

चार-पाच वर्षांनी नव्या मुलांना घेऊन मी एका कारखान्यात गेलो. वाळूच्या विभागात तो होता. डोक्याला रुमाल, भुवयांपर्यंत काळी धूळ, दोन वाक्यांमध्ये खोकला. मुलांना दाखवायला त्यानं ढिगातून मूठभर वाळू घेतली, दाबली आणि गोळा मोडून आतली कड दाखवली. एका मुलीनं विचारलं, हे मोजायला यंत्र नसतं का? त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. “असतंय की,” एवढंच म्हणाला आणि हात झटकले.

मुलं पुढं गेल्यावर मी त्याला गाठलं. म्हणालो, मंगळवारी माझ्या तासाला ये. काय झालं ते या पोरांना तुझ्या तोंडून कळू दे. त्यानं आधी माझ्यासाठी चहा सांगितला. मग म्हणाला, “येतो की, सर.”

मंगळवारी मी टेबलाशेजारी एक खुर्ची मांडून ठेवली. वीस मिनिटांनी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, सर, ते येतो म्हणाले होते ना? मी हो म्हणालो. जे मी स्वतः उभं राहून सांगायला हवं होतं, ते त्यानं येऊन सांगावं अशी माझी इच्छा होती, आणि ते त्याला बरोबर कळलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी ते सांगितलं नाही. खुर्ची भिंतीला सरकवली आणि पुस्तक उघडलं. धडा बाजारपाहणीचा होता.