पळपुट्याचा दम

आमच्या ब्लास्टिंग खात्यात घाम गाळायचा पगार मिळायचा. तरी एक माणूस असा होता की जो रविवारी फुकटातही घाम गाळायचा. खात्यातल्यांनी त्याचं नाव पळपुट्या ठेवलं. तोही त्या नावाला ओ द्यायचा.

मी मेंटेनन्सचा फिटर होतो. होज, नोझल आणि तोंडावर चढवायचे टोप दुरुस्त करणं माझ्याकडे होतं, म्हणून ब्लास्टिंगची खोली मला आतून माहीत आहे. ओतकामातून आलेल्या लोखंडी भागांना साच्याची वाळू चिकटलेली असते. ती काढायला हवेच्या दाबाने त्यांच्यावर दुसरी वाळू मारायची. लोखंडावर आपटून तिचं पीठ होतं. सात माणसं पाळीपाळीने त्या पिठात उभी राहायची. टोपाला स्वच्छ हवेची नळी होती, पण नळी जुनी आणि टोपाचं रबर फाटलेलं. मी चिकटपट्टी लावून द्यायचो आणि नव्या रबराची मागणी लिहायचो. मागणी वर जायची, रबर खाली यायचं नाही.

तो पळायला का लागला, हे मी एकदा विचारलं होतं.

"पाळी सुटली तरी कानात शिट्टी वाजत राहते," तो म्हणाला. "घरी बायको बोलते ते ऐकू येत नाही. जरा लांबवर पळून आलं की शिट्टी बंद होते."

"मग बायकोचं ऐकू येतं?"

"येतं ना. तेवढाच एक तोटा."

शहरात हाफ मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा पहिल्याच वर्षी त्याने नाव दिलं. एकवीस किलोमीटर कॅनव्हासच्या बुटांत पळाला. टाच सोलून मोजा कातडीला चिकटला होता, तो वहिनींनी कोमट पाण्यात भिजवून सोडवला. सोमवारी पहिल्या पाळीला हा नेहमीसारखा टोप चढवून आत. मॅनेजरच्या कानावर गेलं. त्याने फोटो मोठा करून गेटवर लावला, हजेरीच्या घड्याळाशेजारी. खाली लिहिलं होतं, 'आमचा निरोगी कामगार'. पुढच्या वर्षापासून कंपनीचं नाव छापलेला शर्ट त्याला मिळू लागला. त्याला त्याचं काही नव्हतं. "कापड बरं आहे, घाम धरत नाही," एवढंच म्हणाला.

शर्यतीचा रस्ता माझ्या घराजवळच्या पुलावरून जायचा. तिथे सोळा किलोमीटर पूर्ण व्हायचे. मी दर वर्षी पाण्याची बाटली घेऊन उभा राहायचो. मी स्वतः कधी पळालो नाही, पण काम बघून मला कळतं, आणि त्याचं पळणं हे काम होतं. हात उगाच उडत नसत. पाऊल जेवढं उचलायला हवं तेवढंच उचलायचा. सुरुवातीला सगळे त्याच्या पुढे जायचे, आणि पुलाच्या अलीकडे तो एकेकाला गाठत यायचा, वेग न वाढवता. बाटली न थांबता घ्यायचा, दोन घोट पिऊन पुढच्या दिव्याच्या खांबाशी नीट उभी करून ठेवायचा. फेकायचा नाही.

शेवटच्या वळणावर फोटोवाला दिसला की काही जण सुसाट सुटतात. ते त्याला खपायचं नाही. "शेवटी एवढा जोर उरतो म्हणजे मधे कुठेतरी चोरी केली," तो म्हणायचा. "रेषेच्या पलीकडे पाऊल पडलं की उभं राहता येता कामा नये. तर ते पळणं."

अशी बरीच वर्षं गेली. मग एका वर्षी तो पुलावर पाणी प्यायला थांबला.

"काय रे?"

"पाणी फार गार आहे," तो म्हणाला आणि गेला. पाणी गार नव्हतं. मी नळाचं भरून आणलं होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी तो कठड्याला धरून उभा राहिला. श्वास जागेवर येईपर्यंत मागून पन्नासेक माणसं निघून गेली, त्यांत त्याच्याहून वयाने मोठ्या बायका होत्या. घरी तो बसून झोपायला लागला होता. वहिनी भिंतीला उशा रचून द्यायच्या. आडवा झाला की छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं, हे त्याने त्यांना सांगितलं होतं, मला नाही.

त्या सुमारास खात्यातला थोरला गेला. सगळ्यांत जुना माणूस, म्हणून त्याला थोरला म्हणायचे. कंपनीच्या डॉक्टरांनी सिगारेटवर बोट ठेवलं. थोरल्याने जन्मात सिगारेट ओढली नव्हती. त्याच्या जागी एक नवा माणूस आला आणि सात पुन्हा सात झाले.

युनियनचा सेक्रेटरी ग्राइंडिंग खात्यातला. आवाज मोठा, मनाने वाईट नाही. त्याने प्रकरण लावून धरलं. सरकारी दवाखान्यातल्या मंडळापुढे सातही जणांची तपासणी व्हावी, छातीत वाळू आहे असं ठरलं तर ती खोली बंद करून माणसं दुसऱ्या कामावर घ्यावीत, अशी मागणी. पहिल्याच बैठकीत कंपनीच्या डॉक्टरांनी गेटवरचा फोटो पुढे ठेवला. "हा माणूस बघा. तीच खोली, तीच वाळू. एकवीस किलोमीटर पळतो. उरलेल्यांना कामाचा कंटाळा आहे."

सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्याच्यासमोर येऊन बसला. मी शेजारीच होतो.

"या वर्षी पळायचं नाही."

"का?"

"का म्हणून मला विचारतोस? गेटवर फोटो कुणाचा आहे? माझ्या सासऱ्याचा?"

"मी लपून पळत नाही. दम आहे तेवढा पळतो."

"तुझा दम तुझ्यापाशी ठेव. इथे सात घरांचा प्रश्न आहे."

पळपुट्या कपाकडे बघत बसला. बाकीचे सहा जण चहा पिण्याचं सोंग करत ऐकत होते.

"नाव देऊन झालंय," तो शेवटी म्हणाला. "सुरुवात करतो. पुलावर थांबतो. तिथून पुढे जात नाही."

"थांबलास की नीट दिसेल असा थांब. मी माणसं उभी करतो. कंपनीच्याच शर्टात बसलेला दिसलास तर फोटोला फोटो भेटेल."

त्या दिवशी पुलावर मी बाटली घेऊन होतो, सेक्रेटरी कॅमेरेवाला घेऊन होता. पुढचे गेले, मधले गेले. हा आला तेव्हा मागे अँब्युलन्स आणि रस्त्यावरची अडथळ्यांची पिंपं उचलणारा ट्रक एवढंच उरलं होतं. थोडं पळायचा, थोडं चालायचा. ओठ निळे पडले होते. कठड्याशी आला आणि दोन्ही हातांनी तो धरला.

"झालं," मी म्हणालो. "आता बस खाली."

तो पाणी प्यायला. बाटली माझ्या हातात दिली. सेक्रेटरी कॅमेरेवाल्याला म्हणाला, "घे, घे, असाच घे." पळपुट्याने मान वर करून पुढच्या रस्त्याकडे पाहिलं. मला ते कळलं. मी त्याचा दंड धरला. त्याने माझी बोटं सोडवली आणि निघाला.

"अरे ए! ठरलं होतं ना!" सेक्रेटरी ओरडला. "ए पळपुट्या!"

तीन तासांच्या मुदतीत तो कसाबसा आत पोचला. कंपनीच्या माणसाने तिथे फोटो काढला, गळ्यात पदक घातलेला.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो उशांना टेकून बसला होता. वहिनी दारातच म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तरी धरायचं होतं."

"धरलं होतं, वहिनी. हात सोडवून गेला."

आतून तो म्हणाला, "पायांनी ऐकलं नाही असं सांगितलं तर खोटं होईल. पाय थांबायलाच बघत होते. मीच थांबू दिलं नाही." मग खोकला आला आणि पुढचं राहिलं.

कारखान्यात त्याच्या बाकावर कुणी बसेना. खात्यात एक जाड्या होता, खोकल्याने आता निम्मा झालेला, तरी नाव जाड्याच. तो लांबून म्हणाला, "ते पदक उकळून काढा कर आणि आम्हाला घोटघोट दे. खोकल्याला बरं पडेल." कुणी हसलं नाही. पळपुट्याने डबा उघडला, मिटला आणि टोप चढवून सुट्टी संपायच्या आधीच आत गेला.

तपासणीच्या दिवशी सेक्रेटरीने मलाही बरोबर घेतलं. कुणी चक्कर येऊन पडलं तर धरायला माणूस हवा, म्हणाला. दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, लाकडी बाकावर, त्याने सातही जणांना जवळ घेऊन सांगितलं, "नळीत फुंकायला लावतील. बेताने फुंका. जोर करू नका. आजारी माणूस कसा फुंकेल तसं फुंका."

"हे आजारीच आहेत," मी म्हणालो.

"म्हणूनच सांगतोय. उगाच मर्दानगी दाखवायला जातील." हे त्याने पळपुट्याकडे बघून म्हटलं.

आत तपासणी करणारी बाई होती. नाकाला चिमटा लावायची, तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायची आणि ओरडायची, "सोडा, सोडा, अजून सोडा, थांबू नका!" प्रत्येकाने तीनदा फुंकायचं. जाड्या पहिला गेला. त्याच्या तीन फुंका तीन तऱ्हेच्या आल्या. दुसऱ्याच्या तशाच. बाई थकली. "तुम्ही लोक पूर्ण फुंकत नाही," ती म्हणाली. "मशीनला कळतं. छाती खराब असली तरी तीनही वेळा रेघ सारखीच येते. तुमच्या रेघा भलतीकडेच जातायत." सहाही जणांच्या कागदावर तिने तेच लिहिलं, प्रयत्न अपुरा.

पळपुट्या शेवटचा. त्याने नळी धरली, पाय जरा फाकवून उभा राहिला आणि फुंकलं. बाईला ओरडावं लागलं नाही. हवा संपली तरी तो पोट आत ओढून काहीतरी बाहेर काढतच होता. मानेच्या शिरा फुगल्या. मी मागे जाऊन उभा राहिलो. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा फुंकून झाल्यावर त्याचे गुडघे गेले. मी त्याला काखेत धरून स्टुलावर बसवलं.

बाईने तीनही रेघा एकावर एक लावून पाहिल्या. एकच रेघ दिसत होती. मग ती हळू आवाजात म्हणाली, "निम्म्याहूनही कमी आहे हो." आणि त्याला पाणी आणायला गेली.

मंडळापुढे कंपनीच्या डॉक्टरांनी त्या वर्षीचा, पदकाचा फोटो पाकिटातून काढला. मंडळाच्या वयस्क डॉक्टरांनी तो पाहिला, तपासणीचा कागद पाहिला, एक्सरे उजेडात धरला. "म्हणजे हा माणूस अंग चोरणारा नाही, हे आपल्याला मान्य आहे," ते म्हणाले. "मग हा आकडा खरा धरू या." फोटो परत पाकिटात गेला.

पळणारा आजारी ठरला आणि न पळणारे सहा ढोंगी ठरले. सेक्रेटरीने भांडून सहा जणांना आणखी एक संधी मिळवली. पण त्याची शिकवणी आता कुणी ऐकेना.

पळपुट्यानेच त्यांना सायकल स्टँडमागे बोलावलं. जाड्या आल्या आल्या म्हणाला, "आता तू आम्हाला दम काढायला शिकवणार?"

"हो."

"पुलावर थांबला असतास तर ही वेळच आली नसती."

"पुलाचं तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण नळीचं ऐक. कमी फुंकायचं ठरवलंस तर प्रत्येक वेळी वेगळं कमी होणार. सारखं येईल असं एकच आहे, सगळं देणं."

"सगळं दिलं आणि जास्त निघालं तर?"

"तर बरा आहेस तू. घरी जा, बायकोला सांग."

नवा माणूस जमिनीकडे बघत होता. मग पळपुट्याने एकेकाला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि पोटावर हात ठेवून फुंकायला लावलं. हवा संपली असं वाटल्यावर म्हणायचा, "आहे अजून. ते पण सोड." तीन-चार दुपारी हे चाललं. जाड्या एकदा तिथेच ओकला. तोंड धुऊन परत भिंतीशी उभा राहिला.

खोली नंतर बंद झाली, वाळू गेली, लोखंडी छऱ्यांचं बंद यंत्र आलं. पळपुट्याला गेटवर बसायचं काम मिळालं. त्याने मला पहिलं काम सांगितलं ते तो फोटो उतरवायचं. मी उतरवला. पुढच्या शर्यतीला तो राहिला नव्हता. तरी सवयीने मी पुलावर गेलो आणि माझ्या मुलीएवढ्या एका धावणारीला पाणी दिलं. जाड्या त्याच्यानंतर वर्षभराने गेला.

पण दुसऱ्या तपासणीचा दिवस मला जास्त आठवतो. सहा जणांनी फुंकलं. सहाही जणांच्या रेघा जुळल्या. नवा चांगला निघाला, उरलेले पाच नाही. पाच जण कागद घेऊन बाहेर आले आणि बाकापाशी उभे राहिले. जिंकलो होतो, पण 'अभिनंदन' म्हणायला सेक्रेटरीचं तोंड उघडेना.

"चला," पळपुट्या म्हणाला, "बस चुकेल."

तो जिना उतरायला लागला. तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर आला आणि कठडा धरून थांबला. मागचे पाचही जण आपापल्या पायरीवर थांबले. कुणाला कुणाची वाट बघायची नव्हती, प्रत्येकालाच थांबायचं होतं. नवा आणि मी खाली पोचून वर बघत होतो.

"पळपुट्या," जाड्या वरून म्हणाला, "जरा हळू चल की रे."

"थांबलोय मी," तो म्हणाला. "तू ये."

बस गेली. पुढची येईपर्यंत ते सगळे पायऱ्यांवर बसून राहिले.