पटावरच्या बावीस मुली

मला नोकरी लागली हे मला तीन दिवसांनी कळलं. यजमान मुलांच्या शाळेत मास्तर होते. जाफराबादकडचं ते गाव. नाव सांगत नाही, अजून तिथं माझी माणसं राहतात. निजाम सरकारचा हुकूम आला की मुलींचीही शाळा काढा आणि तिथं शिकवायला बाईच ठेवा. गावात लिहिता-वाचता येणारी बाई मी एकटी. सदर मुदर्रिसांनी, म्हणजे यजमानांच्या हेडमास्तरांनी, माझा अर्ज लिहिला, यजमानांनी त्यावर माझी सही ठोकली आणि मंजुरी आल्यावर जेवताना मला म्हणाले, "उद्यापासून शाळेत जायचंय तुला. भाकरी जरा जल्दी उरकत जा."

माझं शिक्षण चौथी. पण सरकारी शिक्का बसला की माणसाचा आवाज बदलतो, तसा माझाही बदलला. पहिल्या दिवशी नऊवारी कडक धुवून, हातात यजमानांची जुनी छडी घेऊन मी चावडीमागच्या खोलीत गेले. तिथं दोन मुली आणि पाच शेळ्या होत्या. शेळ्यांचा हक्क आधीचा होता, कारण पावसापाण्यात धनगर त्यांना तिथंच बांधत.

पटावर मात्र बावीस मुली होत्या. पट उर्दूत होता आणि मला उर्दू येत नव्हतं. त्यामुळं माझ्या वर्गात कोण कोण आहे हे मला घरी येऊन नवऱ्याला विचारावं लागे. ते म्हणत, "तुला काय करायचंय? मी भरतो हजेरी." बावीस मुलींची हजेरी ते आमच्या ओसरीवर बसून चहा पिता पिता भरत. तेवढ्या वेळात मुली एकदाही गैरहजर राहत नसत.

मी यजमानांसारखंच शिकवायचं ठरवलं, कारण दुसरं शिकवणं मी पाहिलंच नव्हतं. ओरडायचं, छडी आपटायची, उत्तर चुकलं की बापाचा उद्धार करायचा. पंधरवड्यात दोनाची एक मुलगी झाली. शेळ्यासुद्धा दाराशी येऊन माघारी फिरू लागल्या.

त्या शेळ्या न्यायला धनगरवाड्यातली एक बाई यायची. तिशीची असेल. दारात उभी राहून बघत बसायची. एक दिवस मी जरा तोऱ्यातच विचारलं, काय पाहिजे म्हणून. तिनं सांगितलं की मागच्या साली नवऱ्याकडं सेलूला गेल्ती, तर गाडीतून परतूरलाच उतरली आणि दिवसभर ठेसनावर बसून राह्यली. पाटीवर काय लिहिलंय ते कोणाला विचारायची तिला लाज वाटली. "मला पाटी वाचायची," ती म्हणाली. "बाकी काय न्हाई."

मी तिला बसवून घेतलं, तिच्यासाठी नव्हे, रिकामी खोली बरी दिसेना म्हणून. आठ दिवसांनी ती मला म्हणाली, "बाई, एक बोलू का? तुमी मास्तरावानी बोलून राह्यल्या. घरी बोलता तशा बोला की."

मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी छडी घरी विसरले. खरं सांगायचं तर विसरले नव्हते, ठेवून आले होते. मुलींच्या घरी जाऊन अक्षरं जात्यापाशी, चुलीपाशी दाखवायला लागले, पिठात बोटानं गिरवून घ्यायला लागले. दिवाळीपर्यंत सात मुली झाल्या, संक्रांतीला नऊ. रोज संध्याकाळी यजमानांकडून उर्दू शिकून मी एकदाचा तो पट वाचला. त्यात एक नाव माझ्या नणंदेचं होतं. तिला दोन लेकरं होती आणि ती परभणीला नांदत होती.

वर्षाच्या शेवटी औरंगाबादेहून तपासनीस बाई येणार असं कळलं. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, बावीस म्हणजे बावीस दिसल्या पाहिजेत. कमी पडणाऱ्या मुली त्यांनी गावातून उसन्या आणल्या. त्यातल्या निम्म्या नव्या सुना होत्या. मंगळसूत्रं पोलक्यात दडवून त्या ओळीनं बसल्या. एकीला सातवा महिना होता; तिला मागं बसवून, काही झालं तरी उठायचं नाही अशी ताकीद दिली होती.

तपासनीस बाई बैलांच्या दमणीतून उतरल्या आणि आत येताच त्यांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं.

मग त्यांनी पट उघडून नावं घेतली. सुनांना पटावरची नावं पढवून ठेवली होती, पण घाबरून त्या विसरल्या. एका नावाला तिघी हजर झाल्या, पुढच्या नावाला कोणीच नाही. माझ्या नणंदेच्या नावाला सातव्या महिन्यावाली हजर म्हणाली. हेडमास्तर खोकत होते. वाचायला सांगितलं तर माझ्या खऱ्या नऊ मुलीसुद्धा भीतीनं गप्प झाल्या. तेव्हा दारातून धनगराची ती बाई आत आली आणि फळ्यावरचा धडा तिनं बोट फिरवत, अडखळत, पण शेवटपर्यंत वाचला.

"तू कितवीत?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"म्या पटावर न्हाई," ती म्हणाली.

तपासनीस बाईंनी माझ्याकडं वळून विचारलं, मुली किती आहेत. हेडमास्तर पुढं झाले. त्यांच्या आधी मी बोलले, "नऊ. ही धरून दहा." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. बिलकुल सरकारी नव्हता.

त्यांनी बाकीच्यांना बाहेर घालवलं आणि मला एकटीला सांगितलं, "दहा लिहिले तर शाळा बंद होईल. मी बावीस लिहिते. पुढच्या साली मला खोटं लिहायला लावू नका." अहवालात त्यांनी प्रगती समाधानकारक आहे आणि शिक्षिकेचं उर्दू कच्चं आहे असं लिहिलं. दुसरं खरं होतं.

हेडमास्तर महिनाभर यजमानांशी बोलले नाहीत आणि यजमान आठवडाभर माझ्याशी. मग एका सकाळी त्यांनी, वरण वाढून घेता घेता, पिठात अक्षरं गिरवायची ती तऱ्हा कशी काय असते ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ती वापरली नाही, पण छडी मात्र परत मागितली नाही.

पुढच्या वर्षी उसन्या आणलेल्या सुनांपैकी चौघी आपल्या पायांनी आल्या. सातव्या महिन्यावालीनं तुळईला झोळी बांधून तान्ही लेक तिच्यात निजवली. हेडमास्तर कोणी पाहुणा आला की त्याला आमची शाळा दाखवायला आणत, आणि मुलींचं शिक्षण ही कल्पना पहिल्यापासून आपलीच कशी, हे झोळीला झोका देत सांगत.