घरच्यांची साक्ष चालत नाही

दादा गेल्याचं मला घरातून कळलं नाही, पक्षीवाल्यांच्या ग्रुपवरून कळलं. वहिनी त्याच्याजवळ दवाखान्यात होती, भाचा नागपूरहून निघाला होता, मला फोन करायचं कुणाला सुचलं नव्हतं. तेवढ्यात मोबाईलवर दादाचा फोटो येऊन पडला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि कोपऱ्यात बर्फाळ फांदीवर बसलेला लाल छातीचा कुठलासा विलायती पक्षी. इंटरनेटवर जो गोजिरवाणा दिसला तो उचलला आणि माझ्या भावाच्या खांद्याजवळ चिकटवून दिला. ज्या माणसानं ह्या लोकांना 'आधी नीट पाहा, मग नाव घ्या' हे सांगण्यात उभी हयात घालवली, त्याला निरोप देतानाही त्यांनी नीट पाहिलं नाही. रडायच्या आधी मी चिडले, हे लिहून ठेवते. आता महिना-दीड महिना होत आला... रडणं ओसरलं, चीड जशीच्या तशी आहे.

माझा भाऊ गजानन वर्ध्यात हायस्कूलला विज्ञान शिकवायचा. मी पुलगावला शाळेत होते, निवृत्त झाल्यावर त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आले. मला कावळा, चिमणी, पोपट आणि तारेवर बसणारा कोतवाल याच्या पुढचं काही ओळखता येत नाही, पण पक्षी बघायला जाताना दादाला स्कूटरच्या मागे बसायला कोणीतरी लागायचं. वहिनीला उन्हाचा त्रास, म्हणून मी. पक्षी बघणारी माणसं म्हणजे शांत, निरुपद्रवी, कोणाच्या अध्यात ना मध्यात, असा तेव्हा माझा समज होता. तो पहिल्याच वर्षी फिटला. जिल्ह्यात वर्षभरात सगळ्यात जास्त जातींचे पक्षी कोण बघतो याची ह्यांची स्पर्धा असते आणि जिंकणाऱ्याच्या दिवाणखान्यात पुढचं वर्षभर एक लाकडी घुबड मुक्कामाला जातं. मास्तर, कारकून, वकील, चांगली शिकलेली, नातवंडंवाली माणसं त्या घुबडासाठी एकमेकांशी अबोला धरतात. ते घुबड बहुतेक दादाकडे असायचं, नाहीतर ग्रुपमधल्याच एका दातांच्या डॉक्टरांकडे. त्यांचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि डॉक्टरांना तर नक्कीच कळेल.

एका हिवाळ्यात डॉक्टर ग्रुपच्या बैठकीला मोठ्या उत्साहात आले. पवनारच्या पुलावरून जाताना धाम नदीच्या पात्रात त्यांना काळा करकोचा दिसला होता, आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या मिसेसलाही. दादानं फोटो आहे का विचारलं. गाडी बाजूला घेईपर्यंत उडाला म्हणाले. मग बाहेरचं कोणी होतं का सोबत, असं दादानं विचारल्यावर डॉक्टरांचा आवाज चढला. "म्हंजे माझी बायको खोटं बोलून राह्यली का, सर?" दादा शांतपणे म्हणाला, "तसं नाई म्हणत मी. पण घरच्यांची साक्ष धरायची नाई, असं ठरवून टाकू. उद्या माझ्यावरही येईल." आणि तसं ठरलं. फोटो, नाहीतर घराबाहेरचा साक्षीदार. त्या एका करकोच्यापायी डॉक्टरांचं घुबड त्या वर्षी हुकलं. पण एक गोष्ट सांगते. त्या दिवशी दादानं फक्त 'नोंद धरता येत नाही' एवढेच शब्द वापरले आणि चहाचा पहिला कप डॉक्टरांच्या हातात दिला. ह्या मंडळींची ती रीतच होती. नोंद धरायची नाही म्हणजे नाही धरायची, पण समोरचा माणूस खोटारडा आहे असं डोळ्यांतूनसुद्धा दाखवायचं नाही. दादा ही रीत कसोशीनं पाळायचा.

तो सगळ्याच रिती पाळायचा, आणि दुसऱ्यानं मोडली की फार कडक व्हायचा. हिंगणीकडच्या जंगलात एकदा डॉक्टर मोबाईल आणि छोटा स्पीकर घेऊन नवरंगाची शीळ वाजवत बसले होते. पक्षी आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून जिवाच्या आकांतानं पुन्हा पुन्हा त्या झुडपावर येत होता आणि डॉक्टर फोटो घेत होते. दादा गेला, स्पीकर उचलला, बंद केला, स्वतःच्या पिशवीत टाकला. "घरी जाताना घेऊन जाजा," म्हणाला, बस. सगळ्यांसमोर. डॉक्टर लालबुंद झाले. मला तेव्हा हसू आलं होतं. ते सगळं डॉक्टरांच्या मनात साठत होतं, हे मला कुठं ठाऊक?

गेल्या श्रावणात दादानं मला एका माळावर नेलं. कुठला माळ, कोणता तालुका, ते मी लिहिणार नाही. हे छापणाऱ्या पेपरच्या संपादकांनी विचारलं, त्यांनाही सांगितलं नाही. स्कूटर रस्त्यावरच ठेवून आम्ही एका बाभळीखाली बसलो. गवत कमरेएवढं. बेडूक ओरडल्यासारखा आवाज आला आणि गवतातून काळंपांढरं काहीतरी चेंडूसारखं सरळ वर उसळलं, हवेत पंख फडफडवले आणि खाली गेलं. थोड्या वेळानं पुन्हा, आणि मग पुन्हा. दादानं हळूच विचारलं, "तुले दिसला?" दिसला म्हटलं. "काय दिसलं ते सांग." मी सांगितलं, कोंबडीएवढा, काळा, पंखांवर पांढरं, डोक्यामागं दोन-चार लांब तुरे. माझ्या भावानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तणमोर होता, गवताळ माळावरचा, देशातूनच नाहीसा होत आलेला पक्षी. आपल्या जिल्ह्यात उरला असेल अशी आशासुद्धा त्यानं सोडून दिली होती. मग गाडीवाटेवरून एक भुरकट पक्षी मान खाली घालून लगबगीनं पलीकडे गेला आणि दादा ताडकन उठला. "चाल, उठ. मादी आहे ते. अंडी असतील."

"अरे, फोटो तर काढ," मी म्हटलं. "फोटोसाठी जवळ जावं लागते," तो म्हणाला, "जवळ गेलं तर ते अंडी टाकून जाईल. कोणाले सांगजो नको." आणि आम्ही परत फिरलो. आयुष्यातला सगळ्यात मोठा पक्षी दिसल्यावर माझा भाऊ पाठ फिरवून स्कूटरकडे निघाला, हे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

दिवाळीनंतर, पक्षी आपल्या वाटेनं निघून गेल्यावर, त्यानं बैठकीत सांगितलं. तणमोर पाहिला, ठिकाण सांगणार नाही. पूर्वी एका घुबडाची ढोली त्यानं विश्वासानं ग्रुपवर सांगितली होती, तेव्हा आठवड्याभरात तिथे जत्रा भरली आणि पिल्लं मेली. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला होता. बैठक दादाच्याच घरी होती, मी चिवड्याच्या बशा देत होते. डॉक्टर पुढे सरकून बसले. फोटो? नाही. साक्षीदार? "बहीण होती," दादा म्हणाला. डॉक्टर सगळ्यांकडे बघून हसले. "घरच्यांची साक्ष धरायची नाई, सर. नियम तुमचाच आहे." "अहो, मी पाह्यला ना ह्या डोळ्यांनी!" मी म्हटलं. दादानं माझ्याकडे पाहिलं. "शैले, तू बस." नोंद धरू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा असं डॉक्टरांनी म्हटल्यावर पहिला हात दादाचा वर गेला.

मला दादाचाही राग आहे, तो ह्या हातासाठी. इतकं नियमानं वागायची काय गरज होती? समोर माणसं कोण आहेत ते तरी बघायचं!

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर एक फोटो आला. उकिरड्यावरून उडी मारणारा गावठी कोंबडा. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'सरांचा तणमोर सापडला! ठिकाण गुप्त.' त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. ज्यांना दादानं दुर्बीण धरायला शिकवली, ज्यांच्या पोरांना फुकट विज्ञान शिकवलं, त्यांचेसुद्धा चेहरे होते त्यात. 'हे बरं नाही' असं लिहायला एकही बोट पुढं आलं नाही. मी तेव्हा दादाकडेच चहाला बसले होते. त्यानं फोटो पाहिला, मोबाईल पालथा ठेवला. "नोंद नाई धरली, ते बरोबरच आहे," म्हणाला. "पण हे..." त्यानंतर तो बैठकीला गेला नाही. घुबड डॉक्टरांकडे गेलं. रस्त्यात कोणी ग्रुपमधलं दिसलं की दादा दुसऱ्या गल्लीनं वळायचा, जणू ह्यानंच काही चोरलं होतं. माणसाचा शब्द काढून घेतला की मागे काय उरतं ते मी त्या सहा-आठ महिन्यांत रोज पाहिलं.

तेरवी झाल्यावर डॉक्टर घरी आले. वहिनीनं चहा दिला. "ताई," ते मला म्हणाले, "सरांच्या नावानं काहीतरी करावं असं सगळ्यांच्या मनात आहे. तणमोराची नोंद धरून टाकू." आणि लगेच पुढे म्हणाले, "फक्त जागा कळली पाहिजे. श्रावण लागूनच राह्यला. मी जाऊन एक चांगला फोटो घेतो, सरांच्या फोटोखाली लावू." खिडकीतून त्यांची गाडी दिसत होती, मागच्या सीटवर हातभर लांबीची लेन्स लावलेला कॅमेरा. श्रद्धांजलीला येताना माणूस तयारीनंच निघाला होता!

मी विचारलं, "डॉक्टर, सर खोटं बोलून राह्यले असं वाटलं होतं का तुमाले?"

ते कपाकडे बघत म्हणाले, "खरं सांगू का ताई? नाई. मले तेव्हाच माहीत होतं. सर असं बोलणाऱ्यातले नव्हतेच."

"मंग कोंबडा कायले टाकला?"

"ते गमतीत हो..."

"बरं. मग एवढंच लिहा ग्रुपवर. सर खरं बोलत होते, अन् मले माहीत होतं. जागेचं सोडा."

"जागा सांगा ना, आजच लिहितो."

दादा गेल्यापासून तोंडातून अवाक्षर न काढलेली माझी वहिनी तेव्हा उठली, डॉक्टरांच्या हातातला अर्धा कप तिनं काढून घेतला आणि आत निघून गेली. डॉक्टर रिकाम्या हातानं उठले आणि गेले. त्यांनी आजतागायत काही लिहिलेलं नाही. त्यांना शंका असती तर मी माफ केलं असतं, देवाशपथ. शंका घेणं हा त्यांचा धर्मच आहे. पण माहीत असून हसलात? म्हणून त्यांच्या वाट्याचं वाक्य मी इथे लिहिते आहे, पेपरात, ग्रुपच्या दसपट लोकांसमोर. गजानन सर खरं बोलत होते, आणि डॉक्टरांना ते माहीत होतं.

गेल्या आठवड्यात मी त्या माळावर जाऊन आले. एकटीच, एसटीनं, पुढे फाट्यावरून चालत. दादाची एक सवय होती. पक्षी दिसला की तो आधी दुर्बीण गळ्यातून काढून शेजारच्याला द्यायचा, स्वतः नंतर बघायचा. कधीकधी त्याची पाळी येईपर्यंत पक्षी उडून जायचा, तरी त्याचं काही म्हणणं नसायचं. मी रस्त्याच्या कडेलाच थांबले. बऱ्याच वेळानं तो बेडकासारखा आवाज आला, गवतातून काळंपांढरं वर उसळलं, आणि मी डोळे तिकडेच ठेवून दुर्बीण घ्यायला उजवा हात बाजूला पसरला. दादाची दुर्बीण आता माझ्याच गळ्यात होती. हात तसाच हवेत राहिला... आणि मग मला इतका संताप आला की मी डॉक्टरांना एक सणसणीत शिवी दिली, मोठ्यानं, पार माळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी. ती इथे छापता येणार नाही. तणमोर गवतात दडून बसला, पुन्हा वर आला नाही. माळावर आवाज करायचा नसतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. दादानं त्याबद्दल मला तिथेच झापलं असतं, आणि मी ऐकून घेतलं असतं. पण शिवी दिल्याचं मला वाईट वाटत नाही.