आलाप कापलेल्या कॅसेटी

दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, कमी ऐकू येतं हे आम्हाला व्हायोलिनमुळे कळलं. बोलणं तो ओठांवरून ओळखायचा, नाहीच कळलं तर हसून वेळ मारून न्यायचा. मागच्या उन्हाळ्यात मी उमापूरला त्याच्याकडे गेलो आणि मोबाइलवर एकल व्हायोलिनचं रेकॉर्डिंग लावलं. वादक द्रुत गतीत तारसप्तकात पोचला, मी मान डोलावतोय, आणि दादा विचारतो, "बंद कावून केलं बे?"

मी मोबाइल बघितला. व्हायोलिन चालूच होतं.

बीडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वरचे आवाज गेलेत, खालचे शिल्लक आहेत. कानाला यंत्र बसवलं. त्यानं माणसांचं बोलणं कळू लागलं, पण व्हायोलिनचे उंच स्वर काही परत आले नाहीत. "चाळणीत खडे हलवल्यावानी वाजतंय," दादा म्हणाला आणि यंत्र काढून खिशात टाकलं. या वाद्याची गोडी मला त्यानंच लावली. त्याचंच ऐकणं असं संपावं, हे मला सहन होईना. त्याला ऐकू येईल असं काहीतरी शोधायचंच, असं मी ठरवलं.

आमच्या तरुणपणी ऐकायचं ते निवडणं म्हणजे यादी करणं. गेवराईत एक दुकानदार कोरी कॅसेट भरून द्यायचा. कागदावर हवं ते लिहून द्यायचं आणि आठ दिवसांनी जायचं. दादाला शेतातून सवड नसायची, म्हणून यादी त्याची आणि दुकानात जाणारा मी. कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटं. त्यात एकच राग मावायचा, त्यातही पहिली पंधरा मिनिटं संथ आलाप. मला कुठला दम? गज कसा सपासप फिरतो, ताना कशा सुटतात, एवढंच मला हवं असायचं. मी परस्पर दुकानदाराला सांगायचो, तबला सुरू होतो तिथून भरा. एका बाजूत दोन राग बसायचे आणि मी स्वतःवरच खूश व्हायचो.

पहिली कॅसेट ऐकून दादानं माझ्याकडे बघितलं. "मुंडकं तिथंच ठिवून धड आनलंस का बे?" तरी त्यानं ती झिजेस्तोवर ऐकली. मी मात्र पुढेही तेच करत राहिलो.

आता त्याच्या कपाटातून त्या बारा-तेरा कॅसेटी काढल्या तेव्हा लक्षात आलं, की दादाला ऐकू येईल असा भाग म्हणजे नेमका तो खालच्या स्वरांतला आलाप. आणि तो एकाही कॅसेटवर नव्हता. स्वतःचाच भयंकर राग आला.

मग घरी परतून पंधरा दिवस मोबाइल घेऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा आलाप पुढे न ढकलता ऐकले. कुणी खाली जरा टेकतो न टेकतो तोच वर पळतो, ते बाद. कुणाचा खालच्या तारेवर गज नुसताच घासतो, तेही बाद. टाळ्यांनी दणाणलेली, माझी लाडकी रेकॉर्डिंगं तर सगळ्यात आधी गेली. बायको म्हणाली, "पोरीला स्थळ बघताना बी तुमी एवढे नखरे केले न्हवते." शेवटी चार उरली, ती घेऊन पुन्हा उमापूर गाठलं.

दादानं यंत्र घातलं, डोळे मिटले. आलाप खालच्या तारांवर सावकाश चालला होता आणि दादाची मान त्याच्यासोबत हलत होती. दहा-बारा मिनिटांनी वादक वर चढला आणि मान थांबली. मी बंद करायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाला. "आता काय वाजवतोय ते तू सांग."

सांगणार कसं? मी त्याच्या कानाशी सरकलो आणि तेच स्वर खालच्या सप्तकात म्हणू लागलो. माझा गळा फाटका. ताना आल्या तेव्हा निम्म्या गिळल्या, निम्म्या नुसत्याच ढकलल्या. मध्येच थांबलो तर त्यानं माझ्या मांडीवर थाप मारली. शेवटपर्यंत गायलो आणि घामाघूम झालो.

दादानं डोळे उघडले. "लई बेसूर हाय बे," तो म्हणाला, "पन समदं ऐकू आलं. उद्या दुसरं लाव."